पडद्याची सुलट बाजू

अनसू, तू गेल्यापासनं मी गावाला एवढ्या थापा मारल्या आणि त्यातली एकसुद्धा कुणी अडवली नाही. परवा दुकानात बसून सांगितलं, की तुझ्या अंत्ययात्रेला उंब्रजपासनं थेट कराडच्या पुलापर्यंत माणसांची रांग लागली होती. ऐकणाऱ्यांनी माना डोलवल्या. एकानं तर डोळे पुसले. तू असतीस तर आतल्या दारात उभी राहून तो डावा तळहात जमिनीकडं करून दोनदा दाबला असतास. खाली घ्या, अजून खाली. आणि मी कराडवरनं मुकाट वेशीपर्यंत आलो असतो. रांग वेशीपर्यंतसुद्धा नव्हती, हे तुला ठाऊक आहे. तू तर सगळ्यांच्या पुढं होतीस.

मी कापडवाला माणूस. धोतरजोडीचा भाव चढा सांगतो, गिऱ्हाईक तो पाडून मागतं, आणि मध्ये कुठंतरी दोघांची गाठ पडते. आपला संसारही असाच झाला. मी चढवायचं, तू पाडायचं, मध्ये जे उरेल ते खरं. आता गिऱ्हाईकच उठून गेलं आणि माझा चढा भाव हवेत लोंबकळत राहिला.

आज आखिती, अक्षयतृतीया. आपली लेक मंजुळा सासरहून तुझ्या दिवसांना आली ती अजून इथंच आहे. तिनं तुझ्या नावानं पाण्याची घागर भरून ठेवली आहे आणि मी दुकानातल्या गादीवर लिहायला बसलो आहे. काल शिवजयंती झाली. काल जे दिसलं ते सांगायचं आहे. पण एकदम सांगितलं तर तू म्हणशील, ‘आधी पाया घाला, मग माडी चढवा.’ म्हणून पायापासनं.

तू सांगलीकडनं या घरात आलीस ती डावा हात पुढं करूनच. माप ओलांडलंस आणि आईनं दिलेलं हळदीकुंकू डाव्या हातानं घेतलंस. आईचा चेहरा असा झाला, की उंबऱ्यावर लवंडलेलं माप आपोआप उभं राहून परत भरावं. डावरी सून. देवाला फूल डावं, ताटात भात डावा, दारी आलेल्या जोग्याला पसाभर जोंधळा, तोही डावा. आठ दिवसांत आईनं तुझा डावा हात पदराच्या टोकानं कंबरेला बांधला आणि म्हणाली, “लागंल सवय.”

सवय लागली ती मला. तू उजव्या हातानं वाढायचीस आणि आमटी माझ्या मांडीवर यायची. त्या वर्षी माझ्या धोतरावर इतकी आमटी सांडली, की त्यावर तुरीचं पीक आलं असतं. बरं, एक वाफा आला असता.

तेवढं एक शिवणकाम आईनं डाव्या हाताला सोडलं होतं. दुकानाच्या मागच्या खोलीत कात्री तुझ्या डाव्या हातात असायची आणि तिथं कुणी काही म्हणायचं नाही, कारण तुझी शिवण आईलाही आवडायची.

म्हणून तर पडद्याचं काम तुझ्याकडं आलं. मंजुळा चार वर्षांची असताना सिनेमाचा मशीनवाला लॉरीत इंजिन आणि पेटी घालून पहिल्यांदा गावात आला, शिवजयंतीला महाराजांचा बोलपट दाखवतो म्हणाला. पण त्याचा पडदा मागच्या जत्रेत जळाला होता. मी छाती फुगवून सांगितलं, “पडदा आमच्या दुकानाचा.” जाड्याभरड्या मांजरपाटाचे तीन पन्हे तू कडेला कड लावून जोडलेस. तू शिवत होतीस आणि मी गावभर सांगत फिरत होतो, की पडदा एवढा मोठा आहे, की खाली अख्खी कृष्णा झाकून जाईल.

तो पडदा मारुतीच्या देवळामागच्या पटांगणात दोन वाशांवर ताणला. आडाचं पाणी बादल्यांनी मारून तो चिंब केला, म्हणजे चित्र पलीकडंही दिसावं. मशीनच्या बाजूला गडी, पलीकडच्या बाजूला बायका. दिवेलागण झाली, इंजिन धडधडायला लागलं, आणि मी पहिल्या रांगेत पाटलांच्या मांडीला मांडी लावून बसलो. महाराज घोड्यावरनं आले, तलवार उपसली, आणि आमच्या बाजूनं शिट्ट्यांचा असा कल्लोळ उठला, की देवळातला मारुती दचकून दुसऱ्या कुशीवर वळला.

खेळ सुटल्यावर तू घरी आलीस ती वेगळीच. कंदिलाच्या उजेडात तुझे डोळे असे दिसत होते, की मी विचारलंच, “काय गं, ताप आला काय?”

तू चुलीपुढं बसून हळूच म्हणालीस, “आवं, म्हाराज डावरं हायत.”

आईनं आतनं ऐकलं. “जीब झडंल.”

“आत्याबाई, म्या बघितलं. डाव्या हातात तलवार. आन एकटं म्हाराजच न्हवं. समदं मावळं डावरं. दरबारात मुजरा केला त्यो बी डाव्याच हातानं. समदं जग डावरं हुतं.”

मी हसून लोळलो. तुला समजावलं, की पडदा मागनं पाहिला की उजवं ते डावं दिसतं, डावं ते उजवं. खरी बाजू आमची, तुमची उलटी. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि विचारलंस, “उलटी कुनाची, ह्ये कुनी ठरवलं?”

“मशीन आमच्या बाजूला असतं.”

“मशीन काय, उद्या बैलगाडीत बी ठिवत्याल. पडदा कुनी शिवला?”

“तू.”

“मग सुलट बाजू कंची, ते शिवनारीला ठावं.”

मी एकही थाप न मारता अंथरूण धरलं. उंब्रजच्या इतिहासात असं दोनदाच घडलं आहे.

त्या रात्रीनंतर आईनं तुझा हात बांधायला घेतला, की तू नुसती तिच्याकडं बघायचीस. पुढं पुढं तिनं बांधणं सोडलं. डाव्या हातानं वाढलेली आमटी पहिल्यांदा वाटीत पडली, तेव्हा मला उगीच चुकल्यासारखं वाटलं.

मग दर शिवजयंतीला तेच. मशीनवाला तीच रिळं घेऊन यायचा, बाकी गावात पोवाडे आणि भाषणं व्हायची, आणि दिवस कलला की तू डाव्या हातात पानाचा डबा घेऊन पडद्यामागची तुझी जागा धरायचीस. बेचाळीसच्या धामधुमीत एक वर्ष खेळ झाला नाही, तेव्हा तू मागच्या खोलीत पडद्याची घडी उलगडून बघत बसलेली मला दिसलीस. कोऱ्या कापडाकडं. मी म्हटलं, “काय दिसतंय?” तू म्हणालीस, “आज बाई न्हाई.”

त्या बाईवरनंच आपलं खरं भांडण. सुलट-उलट हे नुसतं तोंडी लावणं होतं.

बोलपटाच्या शेवटी महाराजांची मिरवणूक निघते, दोन्ही अंगाला रयत उभी, बायका फुलं उधळतात. तू म्हणायचीस, त्या गर्दीत डाव्या खांबापाशी एक बाई उभी आहे आणि ती तुझ्याकडं बघते. मी पुढच्या रांगेतनं आमचा उजवा, म्हणजे तुमचा डावा खांब डोळे फाडून बघितला. खांब होता, बाई नव्हती. पुढच्या वर्षी पुन्हा. नव्हती.

“तुमास्नी कशी दिसंल? ती आमच्या बाजूची हाय.”

“एकाच कापडावरचं चित्र, अनसे. आमच्याकडं नाही ते तुमच्याकडं कुठनं येईल?”

“म्हंजी म्या खोटं बोलतीया?”

“मी रोज बोलतो. तू वर्षातनं एकदा बोललीस तर काय बिघडतं?”

तू हसली नाहीस. “तिचं कायतरी येगळं हाय. समद्या गर्दीत येकटी येगळी. सांगून कळायचं न्हाई. येकदा माझ्या बाजूला येऊन बसा, मंग कळंल.”

एकदा माझ्या बाजूला येऊन बसा. हे तू किती वेळा म्हणालीस. पण मी, पाटलांच्या मांडीला मांडी लावून बसणारा, बायकांत जाऊन बसणार? गावानं मला चोळीबांगडी केली असती आणि ते कापडही माझ्याच दुकानातनं उधार नेलं असतं. मी दर वर्षी म्हणायचो, “पुढच्या खेपेला.” लढाईत कापडावर कंट्रोल आला, पडद्याला ठिगळं लागली, आई गेली, मंजुळा सासरी गेली, आणि पुढची खेप पुढंच राहिली.

या वर्षी पाडवा झाला आणि तू आडवी झालीस. त्यातलं मला फारसं लिहायचं नाही. शेवटच्या दिवशी तू ग्लानीत म्हणालीस, “यंदा जागा धरून ठिवती.” मंजुळाला वाटलं, आई भ्रमात आहे. मला कळलं आणि मी पाणी आणायला उठलो.

सवाष्ण गेलीस. बायकांनी तुला हिरवं नेसवलं, मळवट भरला, उजव्या हातात विडा दिला. मी कुणाचं लक्ष नाही बघून तो डाव्या हातात सरकवला. बोटं गार होती, पण विडा त्यांनी धरला. हे मी चढवून सांगत नाही.

दहाव्याला घाटावर गेलो. मुलगा नाही म्हणून क्रियेला मीच. भटजी म्हणाले, “आप्पा, उपरणं या खांद्यावरनं त्या खांद्यावर घ्या. पितरांच्या कामाला सगळं उलट.” उपरणं फिरवलं, पाणी अंगठ्याकडनं सोडलं, आणि त्यांच्या तोंडचा ‘उलट’ शब्द माझ्या मानेवरनं गोगलगायीसारखा चालत गेला. तुझ्या बाजूला सगळं उलट असतं, हे मी तुला बारा वर्षं हसत हसत सांगत आलो होतो.

पिंड ठेवला. समोरच्या बाभळीवर कावळे इतके, की झाडाला पानं कावळ्यांची. बरं, पाच-सहा. पण एक खाली उतरेल तर शपथ. मंजुळा हात जोडून म्हणाली, “आई, आप्पांची काळजी करू नगंस, मी हाय.” कावळे बसून. तुझ्या बहिणीनं सांगितलं, की बोरमाळ मंजुळालाच मिळेल. कावळे बसून. ऊन डोक्यावर आलं, भटजी दर्भाचा कावळा करायची भाषा बोलू लागले. मला मात्र माहीत होतं. पण मोठ्यानं बोलायला लाज वाटत होती. शेवटी पाण्यात गुडघाभर उतरून मी म्हणालो, “अनसू, येतो मी. यंदा नक्की तुझ्या बाजूला येतो.”

शब्द तोंडातनं सुटतो न सुटतो तोच एक कावळा बाणासारखा आला आणि पिंडाला चोच मारून गेला.

आणि मागं मंजुळानं टाहो फोडला. “आप्पा, आसं काय बोलताय वो,” म्हणून तिनं मला कंबरेला धरून पाण्यातनं ओढलं. तुझी बहीण मटकन खाली बसली. भटजींनी हळूच पोथी मिटली आणि माझ्याकडं असे बघू लागले, जसा मी कापडाचा तागा संपत आला की उरलेल्या तुकड्याकडं बघतो.

मी ओरडून सांगत होतो, “पडद्याच्या बाजूला गं, पडद्याच्या.” पण आयुष्यभर थापा मारलेल्या माणसाचा खुलासा कोण ऐकतो? गावानं एकच अर्थ घेतला. आप्पा जाणार. त्या दिवसापासनं मला एकट्याला नदीवर सोडत नाहीत. माडीच्या जिन्याला कडी. मंजुळा माझ्या अंथरुणाला पाय लावून झोपते.

आणि खरं सांगू का? चार दिवसांनी मलाच शंका आली. गावानं काय अर्थ घेतला ते असो. कावळ्यानं कोणता घेतला?

तेव्हापासनं घरात बारीक बारीक होऊ लागलं. मागच्या खोलीत तुझी कात्री मी मूठ उजवीकडं करून ठेवायचो, सकाळी मूठ डावीकडं. हे मी लोकांना सात वेळा झालं असं सांगितलं. दोनदा झालं. दारामागची घोंगडी डाव्या खुंटीवर जाऊन बसायची. मंजुळाला विचारलं तर ती म्हणाली, “म्या हात बी लावला न्हाई,” आणि रडू लागली. म्हणून पुन्हा विचारलं नाही. मी आरशात बघायचं सोडलं. आरशातला माणूस डावरा असतो, हे आधी कधी ध्यानातच आलं नव्हतं.

काल दुपारी मशीनवाला आला. तू गेल्याचं ऐकून दुकानाच्या पायरीवर टेकला आणि म्हणाला, “आप्पा, यंदा खेळ नको करूया.”

मी म्हटलं, “होणार. मी शब्द दिलाय.”

मंजुळा आडवी आली. “आप्पा, लोक काय म्हन्तील? आईला जाऊन म्हैना न्हाई झाला.”

“तुझ्या आईनं जागा धरून ठेवली आहे.”

ती पांढरी पडली. मग चुलत्याला, म्हणजे माझ्या भावाला, बोलवायला धावली, तोवर मी पडदा बगलेत मारून पटांगणात.

पडदा मी स्वतः ताणला, कारण तो दर वर्षी तूच ताणवून घ्यायचीस, ‘ह्यो काठ हिकडं, त्यो तिकडं’ करत. तू सांगायचीस तोच काठ तिथंच धरून वाशावर चढवताना बोटं शिवणीवरनं फिरली आणि मी थांबलो. अनसू, मी तीस वर्षं कापड विकतो. हजार पावलांवरनं सुलट-उलट सांगतो. आणि जो पडदा बारा वर्षं माझ्या पुढ्यात होता, त्याची दुमड कधी बघितली नव्हती. शिवणीच्या सगळ्या दुमडी, दोऱ्याच्या सगळ्या गाठी आम्हा गड्यांच्या बाजूला. तुमच्या बाजूनं शिवण कशी सपाट, पाण्यासारखी. ठिगळंसुद्धा तिकडनं दिसत नव्हती. म्हणजे सुलट बाजू तुमचीच होती. आम्ही बारा वर्षं छाती काढून उलट बाजूला बसत होतो, तेही पाटलांसकट.

मशीन सुरू झालं आणि मी पडद्यामागं गेलो. बायकांत गडबड उडाली. पदर सावरले गेले. शेजारची चंपाकाकू म्हणाली, “आप्पा, वाट चुकलासा काय?”

“नाही काकू. आज सुलटीकडनं बघायला आलोय.”

बायकांनी सरकून वाट दिली. तुझी जागा मोकळीच होती. एवढी दाटी, पण तिथं कुणी बसलं नव्हतं. मी बसलो.

आणि तू म्हणायचीस तसंच. महाराज आले, तलवार डाव्या हातात. मावळे डावरे. मुजरे डावे. कारभारी डाव्या हातानं लिहितोय, म्हातारी डाव्या हातानं दृष्ट काढतेय. कुणी कुणाचा हात बांधत नाही. मी डोळे पुसले, तेही डाव्यानंच, उगीच.

शेवटी मिरवणूक निघाली. दोन्ही अंगाला रयत, डाव्या हातांची फुलं उधळली जातायत, आणि डाव्या खांबापाशी, अनसू, बाई होती.

पदर डोक्यावरनं असा पुढं, की तोंड दिसेना. बाकी सगळ्या बाया डाव्या हातानं फुलं टाकत होत्या. ती एकटी उजव्या हातानं. तू म्हणायचीस, तिचं काहीतरी वेगळं आहे. ते हे. पडद्यामागनं उजवं ते डावं दिसतं, आणि डावं ते उजवं. म्हणजे त्या सगळ्या गर्दीत खरी डावरी ती एकटी.

मी उठलो आणि पडद्याला वळसा घालून गड्यांच्या बाजूला धावलो. लोक बोंबलले, “आप्पा, बसा की खाली.” बघितलं. खांब होता. फुलं पडत होती. बाई नव्हती. तसाच उलटा धावलो, धोतर पायांत, मागं मंजुळाचा चुलता, “धरा, धरा त्यास्नी.” मागं आलो. बाई होती.

आता तू तिला बारा वर्षं बघत होतीस, म्हणजे ती तू नसणार. असेल कुणीतरी डावरी बाई, ज्या दिवशी चित्र काढलं त्या दिवशी उभी राहिलेली. हे मी स्वतःला समजावत होतो आणि पाय पुढं पडत होते. पडद्याला हात लावला. ओला, गार, तुझ्या बोटांइतका गार. कापड मऊ झालं होतं. मला खरंच वाटलं, अजून जरा रेटलं तर हात पलीकडं जाईल, आणि हाताच्या मागं मी. शब्द तर दिलाच होता.

तेव्हा तिनं फुलं टाकायची थांबवली. पदराआडनं माझ्याकडं बघितलं. आणि उजवा तळहात जमिनीकडं करून दोनदा दाबला.

खाली घ्या. अजून खाली.

मी खाली बसलो. तिथंच, पडद्याच्या पायाशी, चिखलात. मंजुळा धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. मी तिला म्हणालो, “पोरी, रडू नको. जायचं काही ठरलेलं नाही. तुझी आई ‘बसा’ म्हणाली.” तिला ते कळलं नाही, पण आज सकाळी तिनं जिन्याची कडी काढली.

चंपाकाकूला विचारलं, खांबापाशी कुणी दिसलं का. ती म्हणाली, “मला कुटलं दिसायला, तुमीच आडवं उभं हुता.” गावात आज दुपारपर्यंत गोष्ट पसरली आहे, की आप्पाला पडद्यावर बायको दिसली. सगळे हसतायत. मला थापाड्या म्हणायला त्यांना आजच सुचलं.

पडदा वाळवून, घडी घालून मागच्या खोलीत ठेवला आहे, सुलट बाजू वर. तुझी घागर दारात आहे. मंजुळानं ती उजव्या बाजूला ठेवली होती, मी सरकवली.

यात जे काही चढवलं आहे ते तू पाड. मारुती कुशीवर वळला नव्हता. हजार पावलं नव्हेत, पाच असतील. कात्रीचं दोनदा म्हणालो, ते हवं तर एकदा धर. पण त्या बाईचं काही कमी करू नकोस. तिथं पाडायला जागाच नाही. ती एकच होती.